झरी जामणीत घरी नेट घेताय? आधी हे बघा

झरी, पाटण, मुकुटबनकडे घरी नेट घेताना जाहिरातीतला स्पीड राहू द्या. पहिला प्रश्न हा: केबल तुटली तर जोडायला माणूस कुठून येणार? स्प्लायसिंग मशीनवाला गावाजवळ असेल तर उत्तम. वणी किंवा पांढरकवड्याहून येणार असेल तर दिवस मोडलाच समजा.

ग्रामपंचायतीत भारतनेटची लाइन चालू आहे का, हे सचिवांना विचारा. 2011 मध्ये मंजूर झालेली ही योजना पंचायतीपर्यंत फायबर आणते. तिथून घरापर्यंतची तार बहुतेकदा कंपनीचा स्थानिक भागीदार ओढतो. म्हणून कंपनीच्या नावाआधी मी त्याची चौकशी करतो.

जोडणीच्या दिवशी फायबरमधला सिग्नल मोजणारा पॉवर मीटर लावून घ्याच. उणे 20 डीबीएमच्या आसपास आकडा छान. उणे 27 म्हणजे सिग्नल अगदी काठावर. एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला तर राउटर बंद-चालू करून काही होत नाही, दोष बहुतेकदा तारेत असतो.

पोडावर, म्हणजे लहान वस्तीवर, फायबर नसेल तर सिमवर चालणारा राउटर आणि छपरावर टॉवरकडे तोंड केलेला अँटेना. 700 ते 900 मेगाहर्ट्झच्या लहरी सागाच्या झाडीतही बऱ्या पोचतात. आणि 12 व्होल्टचा मिनी यूपीएस सोबतच घ्या, वीज गेली तरी नेट चालू राहतं.