पाऊस सरला: स्टार्टरचा बोर्ड आणि फायबरची पिन साफ कशी करायची?



पाऊस थांबला की वाडीत पंप पुन्हा रोज लागतो, आणि नेमका तेव्हाच ऑटो स्टार्टर दगा देतो. बऱ्याचदा बोर्ड जळलेला नसतो, नुसता मळलेला असतो. डहाणू, केळवे, सातपाटीकडे वाऱ्यातून मीठ येतं. बोईसर-तारापूरकडे कारखान्यांचा धूर आणि धूळ असते. वर चार महिन्यांची दमट हवा. मीठ ओलावा धरून ठेवतं, त्या थरातून वीज नको तिथे झिरपते आणि तांब्याला हिरवा गंज चढतो.

*आधी जीव, मग बोर्ड*

▪ लाईट नाही म्हणून पेटीत हात घालू नका. लाईट कधीही येते, आणि ऑटो असेल तर मोटर आपोआप सुरू होते. मेन स्विच बंद करा, किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा, तिन्ही फेज टेस्टरने तपासा. टेस्टर चांगला आहे का, ते आधी चालू लाईनवर बघा. खात्री नसेल तर वायरमनला बोलवा.

▪ सोलर पंपाचा कंट्रोलर उघडूच नका. ऊन असेपर्यंत पॅनेल वीज बनवत राहते, आणि ती काहीशे व्होल्ट डीसी असते. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. कुसुम योजनेतल्या पंपाची ५ वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते, त्यांनाच कळवा. तुम्ही फक्त बाहेरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा.

▪ इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापनचं सील असतं. ते तोडू नका.

*बोर्डची सफाई*

१. वायर सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा.
२. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. बोर्ड कडेने धरा.
३. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ, मुंग्या, जाळी काढा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.
४. चिकट थर किंवा हिरवा डाग असेल तर ९९ टक्के आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. मऊ टूथब्रश त्यात जरासा भिजवून हलक्या हाताने घासा. रिले आणि डिस्प्लेवर ओतू नका.
५. सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकू द्या. वास गेल्याशिवाय लाईट चालू करू नका.

आयपीए पेट घेतं. काम उघड्यावर करा. जवळ विडी, चूल, ठिणगी नको.

*हे वापरू नका:* पेट्रोल, थिनर, रॉकेल, सॅनिटायझर, तारेचा ब्रश. थिनरने प्लास्टिक विरघळतं. सॅनिटायझरमध्ये पाणी असतं, शिवाय बऱ्याचदा ग्लिसरीनही असतं, ते बोर्डवर चिकटून राहतं. कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात पाणी असतं.

कपॅसिटर फुगलाय, बोर्ड काळा पडलाय किंवा वैतरणा-सूर्येच्या पुराचं पाणी पेटीत शिरलंय, तर साफ करून चालू करून बघू नका. थेट मेकॅनिककडे न्या.

*फायबरचं नेट*

घरी, पंचायतीत किंवा संकलन केंद्रावर मोडेमवर लाल दिवा लागला, तर पिन लगेच उपसू नका. आधी वायर कुठे दुमडली, उंदराने कुरतडली का ते बघा. पिनच्या मधली काच, जिच्यातून उजेड जातो, साधारण ९ मायक्रॉनची असते. आपला केस तिच्या कितीतरी पट जाड. म्हणून धुळीचा एक कणही सिग्नल अडवतो.

▪ पिनच्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.
▪ तोंडाने फुंकू नका, शर्टाला पुसू नका. थुंकी आणि धागे काचेवर बसतात.
▪ फायबर क्लीनर पेन किंवा धागे न सोडणारा कोरडा वाइप वापरा. एकाच दिशेने एकदाच पुसा, पुढच्या वेळी वाइपची नवी जागा घ्या.
▪ हिरवी पिन हिरव्यातच, निळी निळ्यातच. हिरवीचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्यात घातली तर काच खराब होते.
▪ पिन काढली की टोपी लगेच लावा.
▪ वायर तुटली तर काचेचे तुकडे उघड्या हाताने उचलू नका, चिकटपट्टीने उचला.

*शेवटचं काम:* पेटीचं रबर बघा, वायरची भोकं बुजवा. दिवाळीआधी एकदा आणि मे महिन्यात एकदा, एवढी सफाई पुरे.

घरात पंप चालू करणाऱ्या प्रत्येकाला हा मेसेज वाचून दाखवा. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आज पंप लावू नका. आधी अर्थिंग तपासून घ्या.