‘टू’ आणि ‘फॉर’ : लहान शब्दांचा मोठा अर्थ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा एक महत्त्वाचा इंग्रजी ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’. मराठीत त्याचा उल्लेख करताना पुष्कळदा ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ असे म्हटले जाते. वरवर पाहता हे भाषांतर बिनचूक वाटते. परंतु ‘साठी’ हा अर्थ ‘फॉर’ या शब्दाचा आहे आणि बाबासाहेबांनी ‘टू’ हा शब्द योजला आहे. ‘डन फॉर देम’ म्हणजे त्यांच्या हितासाठी केले. ‘डन टू देम’ म्हणजे त्यांच्या बाबतीत केले, आणि बहुधा ते अहिताचेच. पहिल्यात उपकारांची नोंद आहे, तर दुसऱ्यात जाब विचारलेला आहे. दोन अक्षरांच्या शब्दाने ग्रंथाची सारी भूमिका नावातच सांगून टाकली आहे.

या लहान शब्दांना इंग्रजीत ‘प्रिपोझिशन’ म्हणतात. आपल्या विद्यार्थ्यांची इंग्रजी याच ठिकाणी अधिक अडखळते. त्यात बुद्धीचा दोष नाही. दोन भाषांची घडण वेगळी आहे, एवढेच त्याचे कारण.

मराठीत नामाचा क्रियापदाशी असलेला संबंध नामाच्या मागून येतो. ‘मुलगा’ या शब्दाचे ‘मुला’ असे सामान्यरूप होते आणि मग ‘मुलाला’, ‘मुलाने’, ‘मुलाशी’, ‘मुलासाठी’ अशी रूपे सिद्ध होतात. पालीचीही रीत अशीच आहे. त्रिशरणात आपण ‘बुद्ध’ न म्हणता ‘बुद्धं’ म्हणतो, तो अनुस्वार द्वितीया विभक्तीचा आहे. हाच आशय इंग्रजीत सांगताना ‘आय गो टू द बुद्धा फॉर रेफ्यूज’ असे म्हणावे लागते. जे काम पालीत शब्दाच्या शेवटाने झाले, त्यासाठी इंग्रजीला ‘टू’ आणि ‘फॉर’ हे दोन स्वतंत्र शब्द लागले, आणि ते नामाच्या आधी आले.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. कालांतराने ते झिजत गेले आणि त्यांचा बराच भार प्रिपोझिशनवर पडला. सर्वनामांत मात्र जुन्या विभक्तीची खूण आजही शिल्लक आहे. ‘आय’चे ‘मी’, ‘ही’चे ‘हिम’, ‘शी’चे ‘हर’, ‘वुई’चे ‘अस’ आणि ‘दे’चे ‘देम’ होते. ‘यू’ आणि ‘इट’ बदलत नाहीत. प्रिपोझिशननंतर नेहमी हे बदललेले रूपच येते : ‘फॉर मी’, ‘विथ हिम’, ‘फ्रॉम देम’. आपण ‘मीसाठी’ म्हणत नाही, ‘माझ्यासाठी’ म्हणतो. तसेच हे आहे. म्हणून ‘बिटवीन यू अँड आय’ अशुद्ध आणि ‘बिटवीन यू अँड मी’ शुद्ध.

खरी अडचण पुढे आहे. कोणत्या क्रियापदाबरोबर कोणते प्रिपोझिशन यावे, हे बहुतांशी ते क्रियापदच ठरवते. मराठी प्रत्ययाचे भाषांतर करून ते सापडेलच असे नाही. तीन प्रकार लक्षात ठेवावेत.

पहिला प्रकार : मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय असते, पण इंग्रजीत काहीच लागत नाही. ‘आम्ही त्याविषयी चर्चा केली’ म्हणून विद्यार्थी ‘वुई डिस्कस्ड अबाउट इट’ लिहितात. शुद्ध वाक्य ‘वुई डिस्कस्ड इट’ असे आहे. ‘तिच्याशी लग्न केले’ याचे ‘मॅरीड विथ हर’ होत नाही, ‘मॅरीड हर’ होते. ‘मी त्याला विचारले’ याचे ‘आय आस्क्ड हिम’ होते, तेथे ‘टू’ नको.

दुसरा प्रकार : इंग्रजीत प्रिपोझिशन लागतेच, पण ते मराठी प्रत्ययाशी जुळत नाही. ‘माझे ऐक’ म्हणजे ‘लिसन टू मी’. ‘त्याला हसू नका’ म्हणजे ‘डोन्ट लाफ ॲट हिम’. ‘तिची वाट पाहा’ म्हणजे ‘वेट फॉर हर’. बाबासाहेबांच्या आत्मकथनपर लेखनाचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आहे. आपण त्याचा अर्थ ‘व्हिसाची वाट पाहताना’ असा करतो, म्हणजे आपली षष्ठी आणि इंग्रजीचे ‘फॉर’. कन्नडहून छत्रपती संभाजीनगरला जाताना लागणाऱ्या दौलताबाद किल्ल्यावर १९३४ साली हौदाच्या पाण्यावरून बाबासाहेबांना व त्यांच्या सहकाऱ्यांना जो अपमान सोसावा लागला, त्याची हकीकत याच लेखनात आहे.

तिसरा प्रकार : क्रियापद तेच, पण जोडशब्द बदलताच अर्थ बदलतो. ‘लुक ॲट हिम’ म्हणजे त्याच्याकडे पाहा, ‘लुक फॉर हिम’ म्हणजे त्याला शोधा आणि ‘लुक आफ्टर हिम’ म्हणजे त्याची काळजी घ्या. येथे सर्वनाम शेवटीच येते. मात्र ‘टर्न ऑफ’, ‘पिक अप’ अशा जोड्यांत सर्वनाम मध्ये बसते. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ ही दोन्ही वाक्ये चालतात, परंतु ‘फॅन’ऐवजी ‘इट’ आले की केवळ ‘टर्न इट ऑफ’ असेच म्हणावे लागते.

हे केवळ परीक्षेतील गुणांपुरते नाही. संविधानाचे मूळ इंग्रजी वाचताना याची प्रचिती येते. अनुच्छेद १५ च्या पहिल्या खंडात ‘डिस्क्रिमिनेट’ या क्रियापदासोबत ‘अगेन्स्ट’ आहे. ‘डिस्क्रिमिनेट बिटवीन’ म्हणजे दोहोंत फरक करणे, तर ‘डिस्क्रिमिनेट अगेन्स्ट’ म्हणजे एखाद्याला प्रतिकूल ठरेल असा भेद करणे. म्हणूनच मराठी अनुवादात ‘प्रतिकूल’ हा शब्द घालावा लागला. त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात स्त्रिया व बालके यांच्याकरिता, आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेल्या चौथ्या खंडात मागासवर्ग, अनुसूचित जाती व जमाती यांच्याकरिता विशेष तरतुदीची मुभा आहे. तेथे शब्द ‘फॉर’ आहे. ‘आरक्षण हाही भेदभावच नव्हे काय?’ असे विचारणाऱ्याने हे दोन शब्द शेजारी ठेवून वाचावेत. एक कुणाच्या विरुद्ध आहे, दुसरा कुणाच्या उन्नतीसाठी आहे.

उद्देशिकेचेही तसेच. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी उद्देशिकेच्या आरंभी ‘इन द नेम ऑफ गॉड’ हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. परिणामी वाक्याचा आरंभ ‘वुई’ या सर्वनामाने झाला आणि शेवटी ‘गिव्ह टू अवरसेल्व्हज’, म्हणजे ‘स्वतःप्रत अर्पण’, असे आले. देणारे आणि घेणारे एकच असल्यामुळे तेथे ‘टू अस’ चालत नाही, ‘टू अवरसेल्व्हज’ हवे. व्याकरणाचा हा साधा नियमच सांगतो की, हे संविधान आपणास कुणी दान दिलेले नाही.

व्यवहारातील एक उदाहरण घेऊ. मराठीतील ‘माझी तक्रार’ या शब्दांचे दोन अर्थ होतात : मी केलेली तक्रार आणि माझ्याविषयी कुणी केलेली तक्रार. इंग्रजीत अर्ज लिहिताना निवड करावीच लागते. ‘कम्प्लेंट बाय मी’ लिहिले तर आपण तक्रारदार ठरतो, ‘कम्प्लेंट अगेन्स्ट मी’ लिहिले तर आरोपी. ज्याच्या घरात अर्ज तपासून देणारे कुणी नाही, त्याला ही चूक महागात पडू शकते.

म्हणून विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे. ‘टू म्हणजे ला, फॉर म्हणजे साठी’ अशी यादी पाठ करू नका. क्रियापद, त्याचे प्रिपोझिशन आणि सर्वनाम ही तिन्ही एकत्र, पूर्ण वाक्यात वहीत लिहा : ‘शी वेटेड फॉर अस’, ‘दे लिसन्ड टू हर’, ‘ही टोल्ड मी’. रोज अशी पाच वाक्ये लिहून मोठ्याने वाचा. कोठे काहीच लागत नाही, तेही नोंदवा. वाचताना एखादे लहान अक्षर दिसले की तेथे क्षणभर थांबा आणि विचारा : कुणी केले, कुणासाठी केले, कुणाविरुद्ध केले? ज्याला हे तीन प्रश्न विचारता येतात, त्याला कायद्याचा कागद परका राहत नाही.