साखर नाही, मग पिऊ दे की!

‘साखर नाही ना त्यात? मग पिऊ दे की!’ गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत लग्नात, मुंजीत, बारशात हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकलं, त्याची मोजदाद नाही. एकेकाळी आपल्यासारख्या गावात डाएट कोल्ड्रिंक औषधालाही सापडायचं नाही. आता किराणा दुकानातल्या फ्रिजमध्येसुद्धा ‘डाएट’, ‘झिरो’, ‘नो शुगर’ अशा बाटल्या ओळीने उभ्या असतात. साध्या कोलाला आपण इतकी वर्षं नावं ठेवत आलो, त्यामुळे बिनसाखरेचा म्हटलं की आईचा जीव भांड्यात पडतो. पोरगंही खूश, आईही खूश.

साध्या कोलाला नावं ठेवली ते बरोबरच होतं म्हणा. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर, म्हणजे सात-आठ चमचे साखर असते. घरी कपभर दुधात कुणी आठ चमचे साखर घालायला लागलं तर सासूबाई डबाच उचलून ठेवतील!

पण मग ही दुसरी बाटली गोड लागते कशी? तर त्यात साखरेऐवजी एस्पार्टेम, एसिसल्फेम पोटॅशियम, सुक्रालोज अशी कृत्रिम गोडी घालतात. एस्पार्टेम साखरेच्या साधारण २०० पट गोड, त्यामुळे चिमूटभर पुरतं. नावं परकी वाटली तरी यांचं एक भावंड आपल्या चांगलं ओळखीचं आहे. लहानपणी गारेगार चोखल्यावर जिभेवर मागाहून जो कडवटपणा रेंगाळायचा ना, तो पुष्कळदा सॅकरीनचा असायचा.

आता एक करा. पुढच्या वेळी दुकानात गेलात की बाटली उलटी फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागला तर लावा. आपल्याकडच्या डाएट कोलावर कृत्रिम गोडी असल्याचं तर लिहिलेलं असतंच, शिवाय ‘लहान मुलांसाठी शिफारस नाही’ अशी ओळही इंग्रजीत छापलेली असते. म्हणजे जी बाटली आपण ‘मुलांसाठी बरी’ म्हणून उचलतो, तिच्यावरच हे लिहिलेलं! नावं लक्षात राहत नसतील तर आकडे लक्षात ठेवा: ९५० एसिसल्फेम, ९५१ एस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज. हे आकडे फक्त डाएट बाटलीवरच दिसतात असं नाही. जेली, च्युइंगगम, सरबताची पावडर, सगळीकडे एकदा नजर टाका.

याने विष होतं का? नाही, तसं म्हणून मी कुणाला घाबरवणार नाही. जुलै २०२३ मध्ये ‘एस्पार्टेमने कॅन्सर’ अशा बातम्या आल्या आणि फोनवर नुसता धुमाकूळ झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एस्पार्टेमला ‘कॅन्सरची शक्यता असू शकेल’ अशा यादीत घातलं होतं, हे खरं. पण त्या यादीत कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुरावा अपुरा असला तरी दुर्लक्ष करू नये, एवढाच त्या यादीचा अर्थ. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली: वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम.

हा हिशोब मात्र आईने स्वतः मांडून बघावा. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम एस्पार्टेम धरलं, तर ७० किलोच्या माणसाला मर्यादा ओलांडायला दिवसात नऊ ते चौदाच्या वर कॅन प्यावे लागतील. तेवढे कोण पिणार! पण आपलं पहिली-दुसरीतलं २० किलोचं पोर? त्याची मर्यादा ८०० मिलिग्रॅम. म्हणजे तीन-चार कॅनमध्येच काठ आला. लग्नघरात कोल्ड्रिंकचा क्रेट उघडा पडलेला असतो तेव्हा पोरांनी किती रिचवले, ते कुणी मोजतं का?

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१२ मध्ये हॉलंडमधल्या सहाशेहून जास्त मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दीड वर्ष रोज एक डबा पेय द्यायचं, काहींना साखरेचं, काहींना बिनसाखरेचं. बिनसाखरेच्या गटातल्या मुलांचं वजन सरासरी एक किलोने कमी वाढलं. म्हणजे रोज साखरेचं कोल्ड्रिंक मागणाऱ्या मुलाला हा बदल थोडा उपयोगी पडू शकतो. पण ही तुलना साखरेच्या पेयाशी होती, पाण्याशी किंवा ताकाशी नव्हे! २०१८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने मुलांना अशी पेयं दीर्घकाळ देऊ नयेत असाच सल्ला दिला, कारण मुलांवरच्या दूरच्या परिणामांची माहिती फार तोकडी आहे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही वजन आटोक्यात ठेवायला अशी गोडी वापरू नका असं सांगितलं. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तेवढं त्यातून वगळलं.

शिवाय साखर गेली तरी बाकीचं कुठे जातं? कोलामधलं आम्ल तसंच राहतं, ते दातांवरचं कवच झिजवतं. कॅफीनही राहतं, मग पोर रात्री अकराला टक्क जागं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जिभेला तीव्र गोडाची चटक लागते ती लागतेच. मग कोकमाचं सरबत, पन्हं पुढे केलं की ‘शी, हे गोडच नाही’ म्हणून नाक मुरडणार. माझं मत विचाराल तर समारंभात एखादा ग्लास झाला तर आकाश कोसळत नाही. पण घरच्या फ्रिजमध्ये ती बाटली कायमची नको.

फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक दुर्मीळ जन्मजात आजार असतो, त्या मुलांना मात्र एस्पार्टेम अजिबात चालत नाही. लेबलवर तीही सूचना असते.

राहिली मधुमेही मुलं. हो, लहान मुलांनाही मधुमेह होतो, इन्सुलिनची इंजेक्शनं रोज घ्यावी लागतात. चार मुलं कोल्ड्रिंक पीत असताना त्या मुलाने नुसतं बघत का बसावं? डॉक्टरांना विचारून कधीतरी त्याला डाएट दिलं तर बिघडत नाही. पण याच मुलांची साखर कधी अचानक खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, मूल चिडचिडं होतं, गळून जातं. त्या वेळी डाएटची बाटली काही कामाची नाही, कारण तिच्यात साखरच नाही! तिथे खरी साखर किंवा ग्लुकोजच हवं, आणि तेही मूल शुद्धीवर असेल तरच तोंडाने. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा. माझ्या ओळखीतली एक आई मुलीच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोजची पुडी ठेवते. दर जूनमध्ये शाळेत जाऊन नव्या वर्गशिक्षिकेला भेटते, शिपाईमावशींनाही भेटते, आणि कप्प्याची चेन उघडून दाखवून सांगते, ‘हिला चक्कर आली तर आधी हे द्यायचं, मग मला फोन करायचा.’