पाळीची तारीख कुणाच्या दप्तरी?

स्त्रीरोगतज्ज्ञाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : शेवटची पाळी कधी आली होती? या उत्तरासाठी अनेक घरांतल्या बायका भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बारीकशी खूण करीत आल्या आहेत. आता ती खूण मोबाइलमधल्या ॲपमध्ये होते. खूण तीच, पण ती पाहणारे बदलले का, हे तपासायला हवे.

रक्तस्राव सुरू झाल्याच्या दिवसापासून पुढची पाळी येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र धरतात. प्रौढ स्त्रीत साधारण २१ ते ३५ दिवसांचे चक्र सामान्य मानले जाते. बीजांड बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बहुधा दोन आठवड्यांच्या आसपास असतो. मागेपुढे होतो तो त्याआधीचा टप्पा. मागील चक्रांची सरासरी काढून ॲप पुढची तारीख सांगते. तो अंदाजच असतो; गर्भधारणा टाळण्यासाठी त्यावर विसंबू नये. खरा उपयोग लक्षणांच्या नोंदीचा. स्राव किती, गाठी पडतात का, वेदनेने काम थांबते का, हे तीन-चार महिने लिहिले, तर पीसीओएस, एंडोमेट्रिओसिस किंवा थायरॉइडची शंका घेताना डॉक्टरांना आधार मिळतो.

एवढे गणित मोबाइल स्वतःच करू शकतो. तरीही अनेक ॲप माहिती बाहेर पाठवतात. कारण ती बनवताना जाहिरात व विश्लेषण कंपन्यांचे तयार कोड त्यांत जोडलेले असतात. माहिती खासगी ठेवण्याचे आश्वासन देणाऱ्या 'फ्लो' ॲपने ती फेसबुक, गूगल आदींच्या विश्लेषण सेवांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला. २०२१मध्ये त्यावर तडजोड झाली. 'प्रायव्हसी इंटरनॅशनल' संस्थेने २०१९मध्ये भारतीय 'माया' ॲपबाबत असेच निष्कर्ष मांडले; त्यानंतर कंपनीने फेसबुकचा तो कोड काढल्याचे सांगितले. जून २०२२मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले आणि चुकलेल्या पाळीची नोंद पुरावा ठरेल, ही भीती तिथे पसरली.

आपल्याकडे प्रश्न निराळा आहे. एकच मोबाइल घरात चार हातांत फिरतो. लग्न, नोकरी, दिवस राहणे यांवर बोलायला माणसे टपलेली असतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची अट आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. मात्र आरोग्यविषयक माहितीला संवेदनशील म्हणून वेगळे स्थान नाही. त्यामुळे निवड करतानाच सावध राहणे बरे.

बर्लिनमध्ये तयार झालेले 'ड्रिप' हे याचे चांगले उदाहरण. त्याचा कोड कुणालाही तपासता येतो, खाते उघडावे लागत नाही, नोंदी फक्त मोबाइलमध्ये राहतात आणि पासवर्डही लावता येतो. याची किंमत एकच : मोबाइल हरवला की नोंदीही गेल्या. म्हणून अधूनमधून प्रत काढून सुरक्षित ठेवावी.

कोणतेही ॲप घेताना चार गोष्टी पाहाव्यात : ते नाव, ईमेल मागते का? संपर्कयादी किंवा ठिकाण कशासाठी हवे? नोंदी कुठे साठतात? त्या कायमच्या पुसता येतात का? ॲप इंटरनेटविना चालते, एवढ्याने निर्धास्त होऊ नये. जोडणी मिळताच ते माहिती पाठवू शकते. उत्तरे समाधानकारक नसतील, तर छोटी वही पुरते. डॉक्टरांना तारखा हव्या असतात, ॲप नव्हे.