अ‍ॅसिड हाऊस संगीताचा शोध खरंच मुंबईत लागला होता का?

'अ‍ॅसिड हाऊस शिकागोत नाही, मुंबईत जन्मलं.' हा दावा सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतो. पुरावा म्हणून १९८२ मधल्या एका अल्बमचं नाव दिलं जातं, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. अल्बम खरा आहे. पण दाव्याचं काय?

चरणजित सिंग कोण होते?

हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार, बेस आणि कीबोर्ड वाजवणारे मुंबईचे वादक. 'दम मारो दम'मधला घुमणारा सूर त्यांच्या ट्रान्झिकॉर्डचा. पण तेव्हा वादकांची नावं रेकॉर्डवर सहसा छापली जात नसत. त्यामुळे गाणी घराघरांत पोहोचली, सिंग यांचं नाव मात्र पोहोचलं नाही.

१९८२ मध्ये डिस्कोची लाट होती. सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर थेट राग बसवले. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे एकूण दहा. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, पण ती फारशी खपली नाही.

त्यात वेगळं काय होतं?

रोलँड कंपनीची तीन यंत्रं. ठेक्याला टीआर-८०८, बेसला टीबी-३०३ आणि सुरावटीला ज्युपिटर-८.

यातलं ३०३ महत्त्वाचं. एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून ते बनवलेलं. त्यात सोळा घरांत सूर भरायचे, मग यंत्र तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतं. रागात सूर ठरलेले असतात आणि खाली षड्ज कायम असतो, पाश्चात्त्य गाण्यासारख्या कॉर्ड बदलत नाहीत. त्यामुळे बेसची तीच ओळ कितीही फिरली तरी खटकत नाही. शिवाय ३०३ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतं. ऐकताना मींडेची आठवण येते.

मग शिकागोत काय झालं?

३०३ बाजारात पडलं आणि १९८४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. सेकंड हँड यंत्रं स्वस्तात मिळू लागली. शिकागोतल्या 'फ्यूचर' या गटाने असंच एक घेतलं आणि चालू ओळीवर त्याची बटणं पिरगाळत राहिले. त्या चिरकणाऱ्या आवाजातून १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आलं. अ‍ॅसिड हाऊसची सुरुवात इथून मानतात.

अल्बम पुन्हा कसा सापडला?

२००२ मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला तो दिल्लीतल्या एका दुकानात मिळाला. २०१० मध्ये त्यांनी तो नव्याने प्रकाशित केला. इतक्या जुन्या रेकॉर्डवर हा आवाज ऐकून काहींना ती कुणीतरी केलेली थट्टा वाटली. सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांनी पुढे युरोपात हेच राग मंचावर वाजवले. जुलै २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

म्हणजे दावा खरा की खोटा?

अर्धा खरा. हा आवाज मुंबईत पाच वर्षं आधी निघाला होता. पण शिकागोतल्या मुलांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा कुठलाही पुरावा नाही. त्यांच्या संगीतामागे क्लब, डीजे आणि नाचणारी गर्दी होती. सिंग यांच्या अल्बमनंतर मुंबईत तसं काही उभं राहिलं नाही. दोन शहरांत दोघांच्या हाती एकच यंत्र आलं, आणि दोघांनी ते आपापल्या कानाने वाजवलं.

सिंग यांना 'जनक' ठरवताना त्यांनी खरंच काय केलं, हेच बाजूला पडतं. एका वादकाने, कुणी मागितलं नसताना, नव्या यंत्राला राग शिकवला. ऐकायचंच असेल, तर भैरवपासून सुरुवात करा.