‘आमच्याकडे सगळे घरच्यासारखे’: छोट्या धंद्यातली तरुण मुलं आणि काही गैरसमज

भोसरीतलं आठ-दहा माणसांचं वर्कशॉप असो, तालुक्याच्या गावातलं मोबाइलचं दुकान असो किंवा सीएचं ऑफिस असो, विशी-बाविशीतली अनेक मुलंमुली पहिली नोकरी अशाच ठिकाणी करतात. त्यांच्या मनःस्वास्थ्याबद्दलचे काही समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : आजची पोरं नाजूक आहेत.
वस्तुस्थिती : प्रौढ वयात दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात पंचविशीच्या आतच झालेली असते. पहिली नोकरी, घरापासून दूरची खोली आणि घरी पाठवायचे पैसे हे सगळंही याच वयात अंगावर येतं. त्यामुळे खाडे वाढले, कामात चुका होऊ लागल्या किंवा मुलगा गप्प झाला, तर आळशीपणाचा शिक्का मारण्याआधी चौकशी करावी.

गैरसमज : आमच्याकडे सगळे घरच्यासारखे, त्यामुळे ताण नाही.
वस्तुस्थिती : आपुलकीचा आधार मोठा असतो, पण तिच्यामुळेच नाही म्हणणंही अवघड होतं. रात्री नऊला फोन आला तरी उचलावा लागतो, रविवारी ‘जरा येऊन जा’ म्हटलं की जावं लागतं. उचल घेतलेली असेल तर तोंड उघडवत नाही. शिवाय तक्रार मालकाबद्दलच असेल, तर ती ऐकायला दुसरं कोणी नसतं. म्हणून कामाची वेळ, आठवड्याची सुट्टी, पगाराची तारीख आणि कोणतं काम कोणाचं, हे आधीच ठरवून लिहून ठेवावं. चूक दाखवायची ती गिऱ्हाइकासमोर नाही, बाजूला घेऊन. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

गैरसमज : मनाची काळजी घेणं मोठ्या कंपन्यांनाच परवडतं.
वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंतेच्या आजारांमुळे जगात दरवर्षी सुमारे 1200 कोटी कामाचे दिवस वाया जातात. पाच माणसांच्या दुकानात एक जण खचला, तर त्याचं काम उरलेल्या चौघांवर पडतं. छोट्या धंद्याला दुर्लक्षच जास्त महाग पडतं.

गैरसमज : आत्महत्येबद्दल विचारलं, तर नको तो विचार डोक्यात येईल.
वस्तुस्थिती : थेट आणि शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, उलट समोरच्याला बोलायला वाट मिळते. तो ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नये. लगेच डॉक्टरांपर्यंत न्यावं.

गैरसमज : मनाचा डॉक्टर म्हणजे वेड लागलेल्यांसाठी, आणि खर्चही परवडत नाही.
वस्तुस्थिती : झोप न लागणं, सतत धडधड होणं, कशातच मन न लागणं यांसाठीही उपचार आहेत. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. तिच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही. पगारातून ईएसआयसीची रक्कम कापली जात असेल, तर ईएसआयसीच्या दवाखान्यांतून मानसिक आजारांवरही उपचार मिळतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं संरक्षण देणं बंधनकारक आहे.

मालकांनो, 14416 हा क्रमांक हजेरीच्या वहीजवळ ठळक अक्षरांत लावा. आणि मुलांनो, तो वापरायला मालकाची परवानगी लागत नाही.