वाघ केशरी कुणाला दिसतो?

कोका किंवा नागझिरा अभयारण्याच्या सफारीत जिप्सीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "एवढा भडक रंग घेऊन हा वाघ लपतो तरी कसा?" प्रश्न रास्त आहे. पण आपल्याला जे दिसतं तेच चितळालाही दिसतं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि तिथेच चूक होते.

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. चितळ-सांबराच्या डोळ्यात दोनच: एक निळ्या उजेडाला प्रतिसाद देणारी, दुसरी हिरव्या-पिवळ्याला. लाल आणि हिरवा यांतला फरक कळायला जी तिसरी लागते, ती त्यांच्याकडे नाही. त्यामुळे वाघाचं केशरी अंग आणि भोवतीचं गवत त्यांना जवळपास एकाच छटेचं दिसतं. त्यावर काळे पट्टे अंगाची कडा मोडून टाकतात. ब्रिस्टल विद्यापीठातले जॉन फेनेल आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये याचा शोध घेतला. कोणता रंग कोणत्या परिसरात, कोणत्या डोळ्यांपासून उत्तम लपतो, हे त्यांनी छायाचित्रं, माणसांवरच्या चाचण्या आणि शिकणारी संगणकप्रणाली यांच्या मदतीने तपासलं. आपल्याला उठून दिसणारा केशरी दोन शंकुपेशींच्या नजरेला जंगलात सापडणं अवघड जातं, असं त्यातून दिसलं.

मग वाघ सरळ हिरवाच का झाला नाही? सस्तन प्राण्यांच्या केसांत रंगद्रव्यं दोनच प्रकारची: एक काळं-तपकिरी, दुसरं पिवळं-तांबूस. हिरवा त्यातून बनत नाही. पण ज्यांच्यापासून लपायचं त्यांना केशरी आणि हिरवा सारखेच वाटत असतील, तर हिरव्यावाचून वाघाचं काही अडतही नाही.

इथे वानराची आठवण काढायलाच हवी. वानरं आपल्यासारखीच तीन शंकुपेशींची. झाडावरच्या उंचीचा फायदा त्यांना मिळतोच, पण झाडोऱ्यातला केशरी ठिपका हिरव्यापासून वेगळा काढणारी नजरही त्यांच्याकडे आहे. वानराच्या झाडाखाली चितळांचा कळप चरतो, तो वरून पडणाऱ्या पाल्यासाठी असं आपण म्हणतो. ते खरंच आहे; पण वर बसलेला हा पहारेकरी चितळाला न दिसणारा रंग पाहतो, ही गोष्ट मला पाल्याइतकीच मोलाची वाटते.

लाल कपड्यांनी वाघ चवताळतो, हा समजही याच हिशेबाने निकालात निघतो. वाघाची रंगदृष्टी आपल्यापेक्षा तोकडी असते. तुमचा लाल शर्ट त्याला मळकट दिसत असणार. त्याचं लक्ष जातं ते हालचालीकडे आणि आकाराकडे. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे मोहफुलं वेचायला गेलेली बाई वाकलेली किंवा उकिडवी बसलेली असते. उभ्या माणसाचा आकार तेव्हा राहत नाही; खरा धोका तिथे आहे. म्हणून कपड्यांच्या रंगाची चिंता करण्यापेक्षा घोळक्याने जाणं, बोलत राहणं आणि उजाडल्यावरच निघणं कामाचं.

रात्री वाघाचे डोळे स्वतः पेटत नाहीत. दृष्टिपटलामागचा एक परावर्तक थर आपल्याच बॅटरीचा उजेड परत फेकतो. पूर्ण काळोखात वाघालाही दिसत नाही.

आता वाघ मोजणाऱ्या कॅमेऱ्याकडे येऊ. बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून जी प्रगणना होते, तीच वाघांची सरकारी मोजणी, असं अनेकांना वाटतं. पण तो नुसता निसर्गानुभव आहे. पूर्वी पावलांच्या ठशांवरून वाघ मोजत. पण राजस्थानातल्या सरिस्क्यात वाघ संपल्याचं 2005 मध्ये उघड झालं, आणि त्या पद्धतीवरचा भरवसा उडाला. 2006 पासून देशभरात कॅमेरा ट्रॅप आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे अंदाज काढतात.

हा कॅमेरा सीसीटीव्हीसारखा सतत चालू नसतो. समोरून हलणाऱ्या अंगाची उष्णता पार्श्वभूमीपेक्षा वेगळी लागली, तरच तो फोटो घेतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांकडे झुकतो, हवा आणि अंग यांतला फरकच उरत नाही, आणि भर दुपारी कॅमेरा चुकू शकतो. उलट तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी फोटो निघतो. 2018 च्या देशव्यापी मोजणीत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. फोटो निघाले 3 कोटी 48 लाखांहून अधिक. त्यांत वाघाचे 76,651. म्हणजे हजारात दोन.

आणि हे 76,651 वाघ नव्हेत. फोटोंतून वेगवेगळे वाघ ओळखले गेले ते 2,461. प्रत्येकाचे पट्टे निराळे, शिवाय एकाच वाघाची डावी कूस उजवीसारखी नसते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लागतात. कॅमेऱ्यात न आलेल्यांचा अंदाज गणिताने काढतात. 2018 चा 2,967 हा आकडा त्यातूनच आला.

नागझिऱ्याहून 2013 मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गेलेला 'जय' नावाचा वाघ एप्रिल 2016 पासून बेपत्ता झाला. पुढे कुठे थोराड वाघ दिसला, की "जयच असणार" अशी आवई उठे. थोराडपणावरून वाघ ओळखता येत नाही. पट्टे जुळले तरच तो.

एक समज मात्र पुरता खोटा नाही: कॅमेरा माणसांचेही फोटो घेतो. समोरून जाणारी गुरं, सायकलवाला, सरपण आणणाऱ्या बायका, सगळेच कार्डावर उतरतात. त्याला वाघ आणि माणूस यांतला फरक कळत नाही. आपला फोटो निघेल या भीतीपोटी कुणी कॅमेरा फोडतो, कुणी पळवतो. जंगलवाटेवर गुडघ्याच्या उंचीला झाडाला बांधलेली पेटी दिसली, तर तिला हात लावू नका. जोडीतला एक कॅमेरा गेला, की तिथून जाणाऱ्या वाघाची एकच कूस हाती लागते, आणि ओळख अर्धवट राहते.